संकटात आधी लागते ती यादी

पावसाळा तोंडावर आला की राजूर-भंडारदरा पट्ट्यात घरं शाकारली जातात, सरपण भरलं जातं, धान्य कोरड्या जागी हलवलं जातं. एक तयारी मात्र बहुतेक वस्त्यांत राहून जाते. ती म्हणजे माहितीची. दरड कोसळली, घरात पाणी शिरलं, रस्ता तुटला, तर आपल्या वस्तीत कोण कुठे आहे आणि कोणाला आधी मदत हवी, हे कोण सांगणार?

अकोले तालुक्याच्या दक्षिणेला जुन्नर आणि त्यापलीकडे आंबेगाव तालुका. तिथलं माळीण गाव 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. बाहेर बातमी पोहोचली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने गाडी घेऊन आलेल्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा त्याने कळवलं. म्हणजे गावातून निरोप बाहेर पोहोचलाच नव्हता.

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे अंधारात, पावसात डोंगर चढून गेले. 27 मृतदेह मिळाले. 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. रेशनकार्डावर किंवा मतदारयादीवर नावं असतात, पण त्या रात्री घरात कोण झोपलं होतं, हे त्यावरून कळत नाही. ते फक्त शेजाऱ्याला माहीत असतं.

दवाखान्यात ड्युटी बदलताना आम्ही सिस्टर लोक प्रत्येक खाटेजवळ उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगतो : नाव काय, आजार काय, कोणतं औषध दिलं, काय द्यायचं बाकी आहे. एवढं नीट सांगितलं नाही तर पेशंटचा डोस चुकतो. आपत्तीतही हेच होतं. मदत आलेली असते, पण कोणाला काय हवं हे सांगणारं कोणी नसतं.

आपल्या समाजाला यादीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नुकसान मोजताना होड्या आणि जाळी गेलेल्यांची नोंद आधी झाली. किनाऱ्यावर मजुरी करणारी अनेक दलित कुटुंबं मदतीबाहेर राहिली, कारण मजुरी बुडाल्याचा रकाना यादीत नव्हता. यादी दुसऱ्याने केली की आपलं घर सुटतं. म्हणून ती आपणही करावी.

यादीत काय लिहावं

वहीत प्रत्येक घराला एक ओळ द्या. घरात राहणारी माणसं किती, कामाला किंवा शाळेला बाहेर कोण, घरचा मोबाइल आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा नंबर. त्यापुढे आरोग्याची खूण : गरोदर असल्यास बाळंतपणाची तारीख, लहान बाळ, अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, अपंग, डायलिसिस किंवा इन्सुलिनवर असलेला रुग्ण. नवरा-बायकोची दोन्ही आडनावं आणि घरचं हाकेचं नाव लिहा, नाहीतर एकच बाई दोन याद्यांत दोनदा मोजली जाते किंवा अजिबात मोजली जात नाही.

टीबी, एचआयव्ही यांसारखे आजार वहीत लिहू नका. 'रोजचं औषध आहे' एवढंच लिहा. औषधाचं नाव आणि उपचाराचं कार्ड त्या व्यक्तीने स्वतःच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये ठेवावं. कार्ड असलं की दुसऱ्या गावीही उपचार खंड न पडता चालू ठेवणं सोपं जातं. ही यादी व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही. एक प्रत आशाताईंकडे, एक वस्तीतल्या दोन जबाबदार माणसांकडे.

मोबाइल कसा वापरावा

फोन लागत नसेल तर एसएमएस करा. सिग्नल कमी असला तरी तो बहुधा जातो. नेटवर्क नसतानाही उघड्यावर उभं राहिलं की मोबाइल उपग्रहावरून जागा ओळखतो. नकाशावरचे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे लिहून ठेवा आणि सिग्नल मिळताच पाठवा.

ॲम्ब्युलन्ससाठी 108, पोलीस किंवा कोणत्याही मदतीसाठी 112, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077. फोनवर आधी ठिकाण आणि जवळची खूण सांगा, मग जखमी किती, कोण बेशुद्ध आहे, रक्त कोणाला जातंय, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते. नाव-गाव न सांगता फोन ठेवला तर गाडी शोधत फिरते.

2023 मध्ये चाचणी म्हणून सगळ्यांचे मोबाइल एकदम मोठ्याने वाजले होते. तोच इशारा आता खऱ्या संकटात येऊ शकतो, म्हणून तो वाचल्याशिवाय बंद करू नका. विजेसाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे.

भंडारदऱ्यातून प्रवरेत पाणी सोडणार म्हटलं की धरण फुटल्याच्या अफवाही सोबत येतात. निरोपात कधी, कुठे आणि कोणी पाहिलं हे नसेल तर पुढे पाठवू नका. तलाठी किंवा नियंत्रण कक्षाला विचारा. मात्र नदीकाठच्या घरांनी पाणी वाढताना दिसलं तर उत्तराची वाट न बघता वर यावं.

घर पडलं तर जीव वाचवल्यानंतर, आवराआवर करण्याआधी फोटो काढा. पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडतात. आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुकाचा फोटो आजच नातेवाइकाच्या मोबाइलवरही ठेवा.

येत्या रविवारी विहारात जमल्यावर अर्धा तास या वहीला द्या. घरोघर कोण जाणार ते तिथेच ठरवा, आणि दर महिन्याला नावं तपासायचं काम एका तरुणाला व एका ताईला सोपवा. नवी सून आली, बाळ जन्मलं, कोणी कामाला बाहेरगावी गेलं, की त्याच आठवड्यात वहीत दुरुस्ती करा.