हिरा विकून बांधलेला संघ

२३ मार्च २०२२ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांना एका बातमीने चक्रावून टाकले. कॅन्सस सिटी चीफ्स या संघाने आपला सर्वांत वेगवान खेळाडू टायरीक हिल याला मायामी डॉल्फिन्स या संघाच्या हवाली केले होते. बदल्यात एकही नामवंत खेळाडू मिळाला नाही. मिळाले ते नवोदित खेळाडू निवडण्याचे पाच हक्क. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी सिनसिनाटी बेंगल्सने चीफ्सला उपांत्य लढतीत, जादा वेळेत, तीन गुणांनी हरवले होते. इतक्या थोडक्यात संधी हुकलेल्या संघाने हातातला हुकमी एक्का टाकून द्यावा, हे अनेकांच्या पचनी पडले नाही. मात्र या व्यवहारामागचे गणित समजून घेतले, तर मैदाने रिकामी असताना या खेळात खरी संघबांधणी कशी होते, हे उलगडते.

त्रेपन्न जणांचा संसार

आपल्याकडे फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून हा खेळ निराळा आहे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकत पुढे न्यायचा असतो. मैदानावर एका वेळी अकराच खेळाडू असले, तरी आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. शिवाय दुखापती नित्याच्याच. त्यामुळे प्रत्येक संघाला ५३ खेळाडूंचा ताफा बाळगावा लागतो. आक्रमणाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. त्याने फेकलेला चेंडू झेलणारा तो रिसीव्हर, आणि त्या रिसीव्हरला रोखण्यासाठी सावलीसारखा मागे लागणारा बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये असे ३२ संघ आहेत. त्यांचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि फेब्रुवारीत 'सुपर बोल' या अंतिम सामन्याने संपतो. त्यानंतर मार्चमध्ये करार संपलेल्या खेळाडूंची बाजारपेठ खुली होते, एप्रिलअखेर नवोदितांची निवड होते आणि जुलैत सराव शिबिरे भरतात. या सहा महिन्यांत झालेल्या चुका पुढच्या हंगामात भोवतात.

थैली सर्वांची सारखीच

आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीला मर्यादा असते. तशीच मर्यादा या लीगमध्ये १९९४ पासून लागू आहे. मालक कितीही गर्भश्रीमंत असला, तरी वर्षभराच्या मानधनावर ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक खर्च त्याला दाखवता येत नाही. २०२२ साली ही मर्यादा २० कोटी ८२ लाख डॉलर होती.

येथे लिलाव नसतो, करार अनेक वर्षांचे असतात आणि हिशेबाची खरी गुंतागुंत तेथेच सुरू होते. समजा, एखाद्या खेळाडूला चार वर्षांच्या करारावर सही करताना दोन कोटी डॉलरचा बोनस रोख दिला. हिशेबात मात्र तो दरवर्षी ५० लाख असा विभागून धरला जातो. दोन वर्षांनी त्या खेळाडूला काढून टाकले, तरी उरलेला एक कोटी संघाच्या मर्यादेतून वजा होतोच. खेळाडू गेला, पण त्याचा खर्च मागे राहिला! तेथील भाषेत याला 'डेड मनी', म्हणजे बुडीत रक्कम म्हणतात. म्हणूनच खेळाडू किती चांगला आहे, याबरोबरच तो किती वर्षे आणि किती भावात परवडेल, हाही प्रश्न व्यवस्थापकाला सोडवावा लागतो.

चीफ्सचे सरव्यवस्थापक ब्रेट वीच यांच्यापुढे २०२२ मध्ये नेमका हाच प्रश्न होता. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याच्याशी संघाने २०२० मध्ये दहा वर्षांसाठी ४५ कोटी डॉलरचा वाढीव करार केला होता. त्याची वार्षिक सरासरी साडेचार कोटी होते. हिलला मायामीने दिलेला करार चार वर्षांसाठी १२ कोटींचा, म्हणजे सरासरी वर्षाला तीन कोटींचा. दोघांनाही याच भावाने ठेवायचे, तर एकूण मर्यादेच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम दोन माणसांवर खर्च झाली असती. उरलेल्या ५१ जणांचे काय? क्वार्टरबॅक सोडणे शक्य नव्हते. त्यामुळे हिलला निरोप देण्याचा निर्णय झाला.

दुबळ्याला पहिला मान

महागड्या खेळाडूच्या जागी स्वस्त आणि गुणी खेळाडू आणायचे कोठून? याचे उत्तर म्हणजे नवोदितांची वार्षिक निवड, अर्थात ड्राफ्ट. ही प्रथा १९३६ पासून सुरू आहे. फिलाडेल्फिया ईगल्सचे तत्कालीन मालक बर्ट बेल यांनी ती सुचवली. श्रीमंत संघ दरवर्षी सगळे चांगले विद्यार्थी खेळाडू पळवून नेत, त्याला आळा घालणे हा हेतू. गेल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला पहिली निवड. विजेत्याला फेरीतील शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. महाविद्यालयीन फुटबॉल खेळणाऱ्या हजारोंपैकी अडीचशेच्या आसपास तरुणांचीच नावे पुकारली जातात.

या नवोदितांचे मानधन २०११ च्या कामगार करारापासून निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेले असते आणि करार चार वर्षांचा असतो. त्यामुळे चांगला नवोदित गवसला, की चार वर्षे तो बाजारभावापेक्षा कितीतरी कमी पैशांत खेळतो. या खेळात यापेक्षा किफायतशीर सौदा नाही.

निवडीचे हक्क संघांना आपसांत बदलता येतात. त्यांची किंमत कशी ठरवायची? १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉईजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात त्यासाठी गुणांचा एक तक्ता तयार झाला. त्यात पहिल्या निवडीला ३००० गुण आणि पुढे उतरती भाजणी. २०२२ मध्ये चीफ्सने २१ वी निवड मिळवण्यासाठी न्यू इंग्लंड पेट्रियट्सला २९ वी, ९४ वी आणि १२१ वी निवड दिली. तक्त्यानुसार २१ व्या निवडीचे ८०० गुण होतात. दिलेल्या तिन्हींचे मिळून ८१६. म्हणजे सौदा जवळजवळ तोलूनमापून झाला होता. यातील २९ वी आणि १२१ वी निवड हिलच्या बदल्यातच आलेली होती.

दहा नावांचा हिशेब

या २१ व्या निवडीवर चीफ्सने ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नरबॅक घेतला. त्याचा चार वर्षांचा करार सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरचा, म्हणजे हिलच्या एका वर्षाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. स्वतःच्या ३० व्या निवडीवर जॉर्ज कार्लाफ्टिस हा बचावपटू आला. त्या वर्षी संघाने एकूण दहा नवोदित निवडले आणि त्यांपैकी पाच जण मागच्या फळीतील बचावपटू होते. एकाच कामासाठी पाच जण घेण्यामागे कारण होते. ड्राफ्ट हा बराचसा नशिबाचा खेळ आहे. कोणाचा अंदाज खरा ठरेल, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. अशा वेळी शहाणपण एकाच तिकिटावर सर्वस्व लावण्यात नसून अधिक तिकिटे घेण्यात असते.

त्याचे फळ पहिल्याच हंगामात दिसले. २९ जानेवारी २०२३ रोजी उपांत्य लढतीत समोर पुन्हा बेंगल्सच उभे होते. या वेळी चीफ्सने २३-२० असा विजय मिळवला. त्यात प्रतिस्पर्ध्यांचे दोन फेकलेले चेंडू जेलन वॉटसन आणि जोशुआ विल्यम्स या नवोदितांनी हिसकावले. वॉटसनची निवड तर २४३ व्या क्रमांकावर झाली होती. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये ईगल्सला ३८-३५ असे नमवताना २५१ व्या क्रमांकावर निवडलेल्या आयझाया पचेकोने ७६ यार्ड धावून एक टचडाउन नोंदवले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्येही विजेतेपद चीफ्सकडेच राहिले.

दुसरी बाजू

तरीही हा निर्णय फुकटात पडला असे म्हणणे योग्य होणार नाही. हिलने मायामीकडून २०२२ मध्ये १७१० आणि २०२३ मध्ये १७९९ यार्ड मिळवून आपली योग्यता सिद्ध केली. त्याची जागा घेईल या आशेने ५४ व्या क्रमांकावर निवडलेला स्काय मूर सुपर बोलमधील एका टचडाउनपलीकडे फारसा चमकला नाही. १४५ व्या क्रमांकावरील डॅरियन किनार्डचेही तेच झाले. २०२३ च्या हंगामात रिसीव्हरांच्या हातून सुटणारे चेंडू हीच चीफ्सची डोकेदुखी होती. दहापैकी निम्मी नावे खरी उतरली, तरी ते वर्ष उत्तम मानले जाते, ते यामुळेच. शिवाय माहोम्ससारखा क्वार्टरबॅक हाताशी नसता, तर हाच प्रयोग अंगाशी आला असता, हेही विसरून चालणार नाही.

या हिशेबाला माणसांचीही किंमत असते. उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० पर्यंत खेळाडू असतात. ऑगस्टअखेर त्यांतून ५३ उरतात. ३२ संघांचा विचार केला, तर हजाराहून अधिक तरुणांना काही दिवसांत घरी जाण्यास सांगितले जाते. काहींना सराव पथकात जागा मिळते. अनेकांची कारकीर्द तेथेच संपते. एका मोठ्या खेळाडूचा करार वाचवायचा की त्या पैशांत पाच-सहा नव्या मुलांना संधी द्यायची, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ आकडेमोडीचा राहत नाही. चीफ्सने २०२२ मध्ये दुसरा मार्ग धरला आणि २४३ व्या व २५१ व्या क्रमांकावरच्या दोन मुलांसाठी सुपर बोलचे दार उघडले.