देओग्रातियासची ऊब

आद्य ख्रिस्ती आचार्यांच्या शास्त्रार्थाचा आढावा लिहायचा म्हटलं की पहिल्या पानावरच कुस्तीचा फड मांडावा लागतो. एका बाजूला अलेक्झांड्रियाचा ओरिजेन, ओळीओळीखाली रूपक उकरणारा. समोर अँटिऑकची मंडळी, शब्द आणि इतिहास धरून चालणारी. आमच्यातले काही विद्वान तर या फडात अजून लंगोट कसून उभे असतात. ओरिजेन म्हणजे अक्षराचा शत्रू, हा त्यांचा लाडका डाव. पण याच माणसाने जुन्या कराराची हिब्रू संहिता आणि ग्रीक भाषांतरं सहा रकान्यांत शेजारीशेजारी लिहवून घेतली. अक्षराची एवढी उस्तवार शत्रू करतो होय? शिवाय ज्ञानेश्वरीवर वाढलेल्या वाचकाला वाच्यार्थ आणि गूढार्थ एका घरात नांदतात हे मी काय सांगावं?

अर्थ लावायलाही मर्यादा हवी, हे दुसऱ्या शतकातल्या इरेनेयसने झकास सांगून ठेवलंय. कारागिराने रत्नखड्यांत राजाची मूर्ती जडवली. कुणी तेच खडे उचकटून कोल्हा मांडला आणि म्हणाला, हाच राजा. खडे खरेच, पण कोल्हा तो कोल्हाच. पुढच्या परिषदा, बहिष्कार आणि एकेका अक्षरावरून पेटलेली भांडणं मी गाळतो. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझा जीव अडकलाय तो एका चोपड्यात. ऑगस्टिनचा 'ख्रिस्ती शिक्षणाविषयी' हा चार भागांचा ग्रंथ सगळे चाळतात. पहिले तीन भाग अर्थ कसा शोधावा याचे, चौथा तो कसा सांगावा याचा. तिसऱ्याच्या मध्येच थांबलेलं लिखाण तीस-एक वर्षांनी पुरं झालं. मात्र इसवी सन 400च्या सुमारास त्याने नवख्यांना धर्म कसा शिकवावा यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, ते आमच्या पंडितांना बालबोध वाटतं. कार्थेजमधल्या देओग्रातियास नावाच्या डीकनने त्याच्याकडे गाऱ्हाणं केलं होतं: नव्या माणसांना तेच तेच सांगून माझा मलाच कंटाळा येतो, बोलणं पुळचट वाटतं. ऑगस्टिन उत्तरतो, माझंही असंच होतं. मनात वीज चमकते आणि जिभेवर येईतो विझलेली असते. मग तो इलाज सांगतो, अगदी घरगुती. आलेला माणूस शिकलेला असेल तर त्याने काय वाचलंय ते आधी विचार. तो जांभया देऊ लागला तर काही गमतीचं किंवा नवलाचं सांग. उभा राहून दमला असेल तर बसायला दे. कथा सृष्टीच्या आरंभापासून आजच्या मंडळीपर्यंत ने, पण सगळं पाठ म्हणून दाखवू नकोस; मोक्याच्या ठिकाणी थांब, बाकीचं झपझप उरक. आणि शेवटी एक लांब आणि एक आटोपशीर, असे नमुन्याचे दोन उपदेशही त्याने जोडलेत. पूर्वरंग-उत्तररंग जाणणाऱ्या कुठल्याही कीर्तनकाराने ही वही उशाशी ठेवावी.

माझं म्हणणं एवढंच की त्या काळी अर्थ श्रोत्याच्या तोंडासमोर लागत असे. सिरियाक भाषेतला एफ्रेम 373 साली वारला. टीकाही त्याने लिहिल्या, पण त्याचा शास्त्रार्थ लोकांच्या ओठी बसला तो पदांमधून, आणि ती पदं बायका गात.

ही पद्धत मराठीत आली ती फादर स्टीफन्समुळे. 1579 साली हा इंग्रज जेजुइट गोव्यात उतरला. 1616 साली राचोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं. लिपी रोमन, ओव्या अकरा हजारांच्या आसपास. पहिलं पुराण सृष्टीपासून, दुसरं ख्रिस्ताच्या चरित्राचं, आणि मध्येच श्रोते शंका विचारतात, पाद्री उत्तर देतो. आराखडा देओग्रातियासला सांगितलेलाच! तरी आमचे इतिहासकार त्याच्या मराठीचं कौतुक करून पुढे सरकतात, जणू त्यातला शास्त्रार्थ म्हणजे ओव्यांना आलेली सूज. पुढे रेव्हरंड टिळकांनी कीर्तन उचललं. त्यांचं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं, ते त्यांच्या मागे 1924 साली पूर्ण छापलं गेलं.

हल्ली उपदेशाला जातो तर व्यासपीठावरची नजर मोबाइलवर. कुणी दमलंय का, कुणाला उभं राहावं लागलंय का, हे बघणार कोण? इथे जबलपुरात लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, त्यामुळे शास्त्र शिकलेल्यांचा तोटा नाही. पण दत्ताच्या देवळात कीर्तन ऐकत मोठा झालेला मी. आमचे बुवा पुढच्या रांगेतल्या म्हातारीचा चेहरा बघून आख्यान लांबवायचे किंवा आवरायचे.

माझा एक हिंदीभाषक मित्र खेड्यातल्या प्रचारकांसाठी त्याच चोपड्याचं हिंदी करायला बसला होता. ग्वारीघाटावर नावेची वाट बघत त्याने मला पहिलं पान दाखवलं. देओग्रातियासच्या कंटाळ्यासाठी त्याने हिंदी शब्द घातला होता 'ऊब'. मी हसायला लागलो. तो रागावला, म्हणाला, यात हसण्यासारखं काय आहे? मराठीत ऊब म्हणजे गोधडीची असते, आईच्या कुशीची असते, हे त्याला सांगितलं. तो बराच वेळ नर्मदेकडे बघत राहिला. नाव लागली तेव्हा म्हणाला, "राहू दे तसंच."