खर्जातली दुसरी चाल

जाझ अंगाच्या पॉप गाण्यांतल्या बेसचा आढावा १९५१ सालापासून, म्हणजे लिओ फेंडरच्या 'प्रिसिजन बेस'पासून सुरू करायची पद्धत आहे. ती पाळली. पुढची काही वर्षं बहुतेक बेसवाले कॉर्डचा मूळ स्वर आणि पंचम एवढ्यावरच संसार रेटत होते. ती सोडून देऊ.

मला बोलायचंय ते डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनबद्दल. मी चाळीस वर्षं हेच बोलतोय असं मित्र म्हणतात. म्हणोत. हा गडी मूळचा जाझमधला डबल बेसवाला. मोटाउनसाठी फेंडर हातात घेतला तरी उजव्या हाताची एकटी तर्जनी चालायची, आणि तारा जुन्यापुराण्या. स्टीव्ही वंडरचं 'फॉर वन्स इन माय लाइफ' लावा आणि गायकाकडे चक्क दुर्लक्ष करा. खाली दुसरी चाल चाललेली ऐकू येईल. समजा, सीवरून एफवर जायचंय. सरळमार्गी वादक सी धरून बसतो आणि समेला एफवर उडी मारतो. जेमर्सनच्या वळणाने जायचं तर शेवटच्या मात्रेत जी, मग जी फ्लॅट, आणि नेमका समेवर एफ. तो जी फ्लॅट पट्टीतला नाही, एकटा वाजवला तर खटकतो. पण अर्धी मात्रा खटकला म्हणूनच एफ घरी पोचल्यासारखा लागतो. डग्ग्यावरचा घिस्सा ज्याला कळतो, त्याला हे सांगायला नको.

आमच्यातलेच काही जाणते छापून सांगत असतात की, बेसने ड्रमच्या किकला चिकटून राहावं, चालीत लुडबुड करू नये. ब्रायन विल्सनच्या 'गॉड ओन्ली नोज'मधला (१९६६) बेस यांनी मूळ स्वरांवर आणून बघावा. तरंगणारं गाणं मटकन खाली बसेल. आणि लुडबुड म्हणजे स्वरांची गर्दी, असंही नाही. लू रीडच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'मध्ये कॉर्ड मुख्यतः दोनच. हर्बी फ्लॉवर्सने डबल बेसवर मूळ स्वर घसरत नेले आणि त्यावर इलेक्ट्रिक बेसने वरच्या सप्तकातला गंधार चढवला. दोन वाद्यं, म्हणून बिदागीही दुप्पट!

स्टीली डॅनच्या 'पेग'च्या (१९७७) वेळी मालकांना तारेवर अंगठा आपटून वाजवलेला बेस नको होता. चक रेनीने पाठ फिरवून तोच वाजवला. त्यांना आवडला.

आपल्याकडे हे वळण गोव्याच्या वादकांबरोबर आलं. रात्री हॉटेलात जाझ, दिवसा फिल्मी रेकॉर्डिंग. पंचमदांकडे टोनी वाझ बेस वाजवायचे, पण तबकडीच्या वेष्टनावर अशी नावं कोण छापतो? जेमर्सनचं तरी 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर छापलं, तेही १९७१ साली, बारा वर्षं वाजवून झाल्यावर.

गेल्या गणपतीत एका मंडळाच्या वाद्यवृंदाला गेलो, तर बेसवाल्याची खुर्चीच नाही. कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम उरकत होता, सगळे मूळ स्वर. मध्यंतरात त्याला माझा जी फ्लॅट दाखवला. "काका, हा चुकीचा लागतोय." म्हटलं, अर्धीच मात्रा ठेव. उत्तरार्धात त्याने एकदा ठेवला. ड्रमवाल्याने मान वर करून पाहिलं.