मोटारसायकलची साखळी ‘लांबते’ म्हणजे काय होते?

पुणे-सोलापूर महामार्गावर यवतच्या पुढे भांडगाव लागते. अशा गावांतील मोटारसायकलीला उसंत कशी ती नसते. दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा, कधी घरातील तिघेजण, सारे तिच्यावर. हा भार ओढण्याचे काम जिच्याकडे असते, ती साखळी मात्र खडखड वाजू लागेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. घरच्या घरी दुरुस्ती शिकायची असेल, तर आरंभ हिच्यापासूनच करावा. पदार्थविज्ञानाचा निम्मा अभ्यासक्रम तिच्यात आहे!

साखळी सैल झाली की लोक म्हणतात, ‘चेन लांबली.’ पण पोलाद काही रबरासारखे ताणून राहत नाही. मग लांबी वाढते कोठून? साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक खीळ असते आणि तिच्याभोवती एक नळी. चक्रावरून वळताना खीळ नळीत घासते. धूळ आणि वाळू आत शिरली की ही झीज भराभर होते. समजा, साखळीत 110 कड्या आहेत आणि प्रत्येक सांधा केवळ 0.1 मिलिमीटरने झिजला, तर साखळी 11 मिलिमीटर लांब होईल. ही खीळ-नळीची रचना हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरला केली. घर्षणाचा दाब नळीच्या साऱ्या लांबीवर पसरतो, म्हणून झीज सावकाश होते.

ही झीज तुम्ही कंपासपेटीतल्या 30 सेंटिमीटरच्या पट्टीने मोजू शकता. लहान मोटारसायकलींच्या साखळीत दोन खिळींमधील अंतर बहुधा 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते. साखळी ताणून धरा आणि लागोपाठच्या 21 खिळींमधील एकूण अंतर मोजा. नव्या साखळीत ते 254 मिलिमीटर भरेल. 259 च्या आसपास गेले असेल, तर साखळी बदलण्याची वेळ झाली. साखळीवर पत्र्याचे झाकण असेल तर ते आधी काढावे लागेल. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद आणि चावी खिशात! चालू इंजिनवर फिरत्या साखळीला फडके लावणारे लोक मी पाहिले आहेत. फडके दात्यात अडकले की पाठोपाठ बोटे जातात, आणि हात मागे घ्यायला सेकंदाचा दहावा भागही मिळत नाही.

साखळी सैल वाईट, तर मग अगदी ताठ केली तर? तेही चूकच. मागचे चाक ज्या दुबेळक्यात बसवलेले असते, त्याची बिजागरी पुढच्या दंतचक्राच्या मध्याशी नसते, थोडी मागे असते. खड्ड्यातून जाताना चाक वरखाली होते. दंतचक्राचा मध्य, बिजागरी आणि मागच्या चाकाचा आस यांचा एक चपटा त्रिकोण मनात काढा. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. भाराने गाडी दबून तिन्ही बिंदू एका रेषेत आले की दोन चक्रांमधील अंतर सर्वांत जास्त होते. त्यावेळी साखळीला ढील नसेल, तर तो ताण गिअरपेटीच्या बेअरिंगवर येतो. म्हणून खालच्या पदराच्या मध्यभागी 20 ते 30 मिलिमीटर ढील ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. चाक हाताने फिरवून साखळी जेथे सर्वांत ताठ लागते तेथेच हे मोजावे, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

ढील कमी करण्यासाठी आसाचा नट सैल करून चाक मागे सरकवतात. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या लागतात, हे बहुतेकांना माहीत असते. पण मागे ड्रमब्रेक असेल, तर चाकाबरोबर ब्रेकचा दांडाही ओढला जातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पायाशी असलेली मोकळी हालचाल संपते, लायनर ड्रमला सतत घासत राहते, ड्रम तापतो आणि ऐन वेळी पकड कमी होते. भारासह 250 किलोग्रॅमची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे 35,000 ज्यूल होते. एवढ्या ऊर्जेने 100 ग्रॅम पाणी 80 अंशांहून अधिक तापेल. थांबताना ही उष्णता ब्रेकनाच सोसायची असते. तेव्हा साखळी जुळवली की ब्रेकचा नट तपासलाच पाहिजे. चाक उचलून हाताने फिरवा, ते मोकळे फिरले पाहिजे.

आता थोडे फेरफारांविषयी. भुलेश्वरच्या चढावर गाडी दम टाकते, म्हणून काहीजण पुढचे दंतचक्र एका दात्याने लहान बसवतात. (गॅरेजमध्ये त्याला बिनदिक्कत ‘सॉकेट’ म्हणतात.) पुढे 14 आणि मागे 42 दाते असतील तर गुणोत्तर 3. पुढे 13 केले तर 3.23. मागच्या चाकाशी जोर सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो, पण इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत वेग 7 टक्क्यांनी घटतो. शक्ती काही वाढली नाही. सपाट रस्त्यावर इंजिन जास्त फिरते आणि पेट्रोलही बहुधा जास्त लागते. शिवाय कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ची बंधने आहेत, तेव्हा असे काही करण्याआधी चौकशी करावी.

गंमत अशी, की पुष्कळ जुन्या गाड्यांत वेगदर्शकाची तार पुढच्या चाकातून येते. त्यामुळे दंतचक्र बदलले तरी काटा खरेच सांगतो. पुढचा टायर वेगळ्या व्यासाचा बसवला, तर मात्र तो फसतो. किती फसेल, ते टायरच्या परिघावरून तुम्हीच काढून पाहा.