शेतातली फवारणी, घरातला डास

श्रोते हो, "डासाला औषधाची सवय झाली" असे आपण म्हणतो. तसे नव्हे बरे का! हजारांत एखादा डास जन्मतःच विष पचवणारा असतो. बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढे त्याचीच प्रजा वाढते. हिवतापाविरुद्ध डीडीटीची देशव्यापी मोहीम १९५३ साली निघाली. १९५९ सालीच तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहालात डीडीटीला दाद न देणारे डास आढळले.

ही निवड नुसती घरातच होते असे नाही. कपाशीवर मारलेले औषध पावसाने ओघळून बांधालगतच्या डबक्यात उतरते. तिथल्या अळ्यांपैकी चिवट तेवढ्या वाचतात. आज पायरेथ्रॉइड जातीचे औषध कपाशीवरही मारतात आणि मच्छरदाणीलाही लावतात. म्हणजे शेतात तगलेला डास रात्री त्याच औषधाच्या मच्छरदाणीवर खुशाल येऊन बसतो.