कर्करोगाचे आक्रमण व दूरस्थ प्रसार : प्रथिनभंजक विकरांची भूमिका

प्रस्तावना :
कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत. त्या गाठीतून सुटलेल्या पेशी यकृत, फुप्फुस, अस्थी अथवा मेंदू येथे जाऊन रुजतात व तेथील कार्य बंद पाडतात, हे त्याचे खरे कारण होय. या दूरस्थ प्रसारास मेटास्टॅसिस असे म्हणतात. मूळ गाठ शल्यविशारदास काढून टाकता येते. विखुरलेल्या पेशींपुढे मात्र त्याची शस्त्रे थिटी पडतात. म्हणूनच पेशी आपल्या जागेवरून सुटते कशी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या एकाच अंगाचा, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा, विचार केला आहे.

विकरांचा शोध व स्वरूप :
स्तन, तोंड, आतडे इत्यादींच्या अस्तरपेशी एका पातळ आधारपटलावर बसलेल्या असतात. चौथ्या प्रकारचे कोलॅजेन व लॅमिनिन ही या पटलाची मुख्य प्रथिने. जोपर्यंत गाठ या पटलाच्या आत आहे तोपर्यंत ती स्थानिक. पटल भेदले की आक्रमण सुरू झाले असे समजावे. कोलॅजेनचा तिपदरी दोर सामान्य पाचक विकरांना दाद देत नाही. तो तोडणारे विकर कर्करोगाच्या संशोधनातून नव्हे, तर बेडकाच्या पिल्लातून सापडले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. भैकेराचा बेडूक होताना शेपटी गळून पडत नाही; ती जागच्या जागी विरघळून शोषली जाते. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापियेर यांनी त्या शेपटीच्या ऊतीतून कोलॅजेन तोडणारे विकर दाखवून दिले.

पुढे या कुलातील अनेक विकरे ज्ञात झाली. मानवात ती २३ असून त्यांच्या क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो, म्हणून त्यांना मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज किंवा संक्षेपाने एमएमपी म्हणतात. ती निष्क्रिय रूपात तयार होतात. रेणूच्या आरंभीच्या भागातील एक सिस्टीन जस्तास जखडून ठेवते. तो भाग छाटला गेला की विकर जागे होते. शिवाय टिंप नावाचे चार नैसर्गिक निरोधक त्यांच्यावर लगाम ठेवतात. जखम भरणे, हाडांची पुनर्रचना, प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्ववत होणे ही सारी कामे याच विकरांची. कर्कपेशी नवे हत्यार घडवीत नाही. घरातीलच हत्यार ती बेलगाम वापरते.

आक्रमणातील कार्य :
१९८० मध्ये लान्स लिओटा व सहकाऱ्यांनी उंदरांच्या गाठींवरील अभ्यासात असे दाखविले की, ज्या पेशींची प्रसारक्षमता अधिक, त्या आधारपटलाचे कोलॅजेनही अधिक तोडतात. ही क्रिया साखळीने चालते. युरोकायनेज हे विकर प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन करते व प्लाझ्मिन काही एमएमपींना जागे करते. एमएमपी-१४ तर पेशीच्या आवरणातच रोवलेले असते आणि तेथेच एमएमपी-२ ला सक्रिय करते. परिणामी पेशीच्या पुढच्या टोकाशीच वाट मोकळी होते. एमएमपी-९ आधारद्रव्यात अडकलेले वाढ-घटक मोकळे करून नव्या रक्तवाहिन्यांना चालना देते. जिलेटिन मिसळलेल्या जेलवर ही दोन विकरे चालवून निळा रंग दिला असता, निळ्या पार्श्वभूमीवर त्यांचे पांढरे पट्टे उमटतात. हा प्रयोग साध्या प्रयोगशाळेतही करता येतो.

यातील बरीच विकरे कर्कपेशी स्वतः बनवीतही नाहीत. गाठीभोवतालच्या निरोगी तंतुपेशी व श्वेतपेशी ती पुरवितात. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडलेली बीज व माती ही उपमा येथे आठवते. माती निमूट पडून नसते, एवढी भर तीत घालावी लागेल.

निरोधक औषधांचे अपयश :
विकर रोखले की प्रसार थांबेल, हा तर्क सरळ होता. १९९० च्या दशकात बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट यांसारखे निरोधक रुग्णांवर तपासले गेले. मोठ्या चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही. सांधे व स्नायू दुखणे, ताठरणे हा त्रास मात्र झाला. टॅनोमास्टॅटच्या चाचणीत तर फुप्फुसाच्या एका कर्करोगाचे औषध घेणारे रुग्ण अधिक वेगाने खालावले व १९९९ मध्ये ती थांबवावी लागली. माझ्या मते दोष विकरांच्या सिद्धांताचा कमी व घाईचा अधिक होता. औषध दिले गेले ते बहुधा प्रसार होऊन चुकलेल्या रुग्णांना, आणि तेही सर्व एमएमपींना सरसकट रोखणारे. त्यांतील काही विकरे शरीराचे रक्षण करतात. एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांत त्वचेच्या गाठी वाढतात, असे २००३ मध्ये आढळले. त्याच वर्षी हेही दिसले की विकरे रोखली तरी काही पेशी आकार बदलून, अमीबाप्रमाणे तंतूंच्या फटींतून निसटतात.

मुखकर्करोगाचा संदर्भ :
तंबाखू व सुपारीमुळे आपल्याकडे मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तेथे आक्रमणाची खोली मिलिमीटरमध्ये मोजली जाते व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीपासून ती रोगाचा टप्पा ठरविताना विचारात घेतली जाते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २०१५ च्या अभ्यासात, मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या लसीका ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. पटल भेदून निघालेल्या पेशी मानेपर्यंत पोचलेल्या असतात, पण बोटांना अजून जाणवत नाहीत. हा फरक त्या मधल्या काळाचा आहे.