अ, ब, क, ड

शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारली आहे आणि तिच्या अलीकडे पक्षांची टेबलं. टेबलावर मतदार यादीचे गठ्ठे, चहाचे कागदी कप, आणि बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: "आडनाव सांगा, आडनाव!" आज 15 जानेवारी 2026, पुणे महापालिकेचं मतदान. मागचं झालं ते 21 फेब्रुवारी 2017ला. नगरसेवकांची मुदत मार्च 2022मध्ये संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती. माझ्या पुढे उभी असलेली मुलगी सव्वीस वर्षांची आहे. लोकसभा-विधानसभेला तिने मत दिलंय, पण नगरसेवक निवडायची ही पहिलीच वेळ. मग काय, अख्खी रांग तिला शिकवायला लागली आहे.

शिकवण्यासारखं आहेही म्हणा. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडायचा. पुण्यात 165 जागा 41 प्रभागांत बसवल्यात. चाळीस प्रभाग चौघांचे आणि एक पाच जणांचा. म्हणजे आम्हाला प्रत्येकी चार मतं द्यायचीत.

"आणि नळाला पाणी आलं नाही की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवणार," मागचे गृहस्थ म्हणतात. त्यांच्याशी वाद घालावा असं काही सापडत नाही.

एक जोडपं टेबलाशी हुज्जत घालतंय. बायकोचं नाव इथल्या यादीत आहे, नवऱ्याचं पलीकडच्या शाळेत. विधानसभेची 1 जुलै 2025ची यादीच प्रभागवार फोडून आजची यादी केलेली, त्यात असे संसार मोडलेत. "एवढी वर्षं एका घरात राहतोय हो आम्ही," असं म्हणत काका अखेर पलीकडे निघतात. काकू पिशवी सावरून रांगेत.

या काकूंचा मुलगा कॅलिफोर्नियात, आता तिथला नागरिक. तिकडे प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका टपालाने घरी येते. शहराची कौन्सिल असो की शाळांचं मंडळ, घरी बसून गोल काळे करायचे, पाकिटावर सही करून पेटीत टाकायचं. सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात म्हणे. सव्वीस वर्षांच्या मुलीचे डोळे चमकतात.

"किती सोपं! आपल्याकडे का नाही?"

"सोपं कसलं? जेवणाच्या टेबलावर मत द्यायचं, शेजारी सून बसलेली. तिच्यासमोर कोणाला काय देणार तो!"

हसण्यावारी जातं, पण मुद्दा खरा आहे. गैरसोयीची बाजूही तेवढीच खरी, आणि ती लगेच समोरून येते. व्हीलचेअरवर एक आजोबा, नातू ढकलतोय. 2024च्या लोकसभेला कर्मचारी घरी येऊन त्यांचं मत घेऊन गेले होते; पंच्याऐंशीच्या पुढच्यांना तेव्हा तशी मुभा होती. महापालिकेला ती नाही. टपाली मत इथे निवडणुकीच्या कामावर नेमलेल्यांना. बाकी कोणी बेंगळुरूला असो की अंथरुणावर, मत द्यायचं तर इथे यायचं. रांग न बोलता बाजूला होते.

वर्गात फळ्यावर सुविचार तसाच आहे. पहिल्या टेबलावर ओळखपत्र. मुलगी फक्त पक्षाची चिठ्ठी पुढे करते.

"ही नाव शोधायला. आधार, लायसन्स, पासपोर्ट, काहीतरी दाखवा."

आधार निघतं. अधिकारी अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, बाकावरचे पोलिंग एजंट आपापल्या यादीत रेघ मारतात. एका माणसाच्या नावापुढे दोन तारे आहेत. नाव दोन ठिकाणी असल्याची ती खूण. दुसरीकडे मत देणार नाही असं हमीपत्र तो खिडकीशी उभा राहून भरतोय, कपाळाला आठ्या घालून. दुसऱ्या टेबलावर सही, आणि डाव्या तर्जनीवर शाईच्या बाटलीऐवजी मार्कर. बाई नखावर आणि कातडीवर दोनदा गिरवतात. तिसऱ्या टेबलावरचा माणूस कंट्रोल युनिटचं बटण दाबतो. "जा."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मुलगी बराच वेळ आहे. बाहेर येते आणि सरळ दाराकडे निघते.

"ताई, थांबा! बीप वाजला नाही. एक राहिलंय तुमचं."

ती परत आत. दोन सेकंदांनी लांब बीप. तिला आणखी एक शंका आहे: "ती चिठ्ठी दिसली नाही काचेत."

"व्हीव्हीपॅट पालिकेला नसतं," तिसरं टेबल वर न बघता सांगतं. आज हे वाक्य त्याच्या तोंडून किती वेळा गेलंय ते आवाजावरून कळतं.

माझी पाळी. यंत्रावर चार गट, चार रंगांचे कागद: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. प्रत्येक गटाच्या तळाशी नोटा. अ दाबतो, नावाशेजारी लाल दिवा लागतो. ब लगेच. ड तर घरून ठरवूनच आलोय. क-पाशी अडतो. एकाने रस्ता केला आणि दुसऱ्यांदा खणला. दुसरा मला माहीतच नाही. तिसरीचं पत्रक काल दारात पडलं होतं आणि त्यात कचऱ्याबद्दल चार ओळी धड लिहिलेल्या होत्या. बाहेरून खोकला ऐकू येतो. चार ओळींवर मत द्यावं का? देतो. बीप वाजतो, टेबलावरचा माणूस मान हलवतो.

रेघेपलीकडे आल्यावर एक कार्यकर्ता काकूंना गाठतो. हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर नम्रतेचा कळस.

"काकू, पॅनेल टू पॅनेल ना? चारही आपलेच?"

"तुला सांगायचं असतं," काकू पिशवी खांद्यावर चढवत म्हणतात, "तर आत तो पुठ्ठा कशाला लावलाय रे? आणि ती बाटली दे इकडे, यांना पलीकडच्या शाळेत अजून तासभर लागणार आहे."